संवादाला चाल

भास्कररावांची वाचा गेली तो उन्हाळा सरलाने कसा काढला, ते तिचं तिलाच ठाऊक. चैत्रात एका सकाळी दात घासता घासता ते मोरीपाशी कोसळले. इंदूरच्या दवाखान्यात जीव वाचला. पुढे पायात बळ आलं आणि काठी टेकत ते अंगणापर्यंत जाऊ लागले. उजवा हात तेवढा अंगाला चिकटून राहिला, आणि बोलणं मात्र गेलं ते गेलंच. समजत सगळं होतं. कुणी विनोद केला तर आधी तेच हसायचे. पण तोंडातून शब्द निघायचे दोनच. एक 'हं', आणि दुसरा 'नाही नाही नाही'. त्यातही हो म्हणायचं असलं तरी 'नाही नाही नाही'च यायचं, आणि मग आपलं चुकलं हे कळून ते डाव्या हाताने कपाळ बडवून घ्यायचे.

हे व्हावं तेही कुणाला? भास्करराव पागे बिजली ऑफिसात होते. धारच्या अर्ध्या गावाला ते नावानिशी ओळखत, आणि उरलेल्या अर्ध्याशी ओळख नसताना बोलत. वीज गेली की लोक ऑफिसात फोन करायचे ते तक्रार करायला, आणि पागेसाहेबांचे चार किस्से ऐकून हसत फोन ठेवायचे. अशा माणसासमोर इंदूरच्या थेरपिस्टबाईंनी चित्रांची कार्डं मांडली. कप, गाय, छत्री. "बोलो अंकल, क्या है?" भास्कररावांनी कपाकडे बघितलं, ओठ हलवले, घाम फुटला. मग त्यांनी सगळी कार्डं हाताने टेबलावरून लोटून दिली. तसं दोन-तीनदा झालं, आणि इंदूरला जाणं बंद पडलं.

मुलगा शुभंकर हैदराबादला. तो रोज व्हिडिओ कॉल करायचा, पण बाबांना नुसतं बघत राहणं त्यालाही जड जायचं, मग फोन लवकर संपायचा. सरला दिवसभर एकटीच बोलायची. आधी ती दोघांचं बोलायची, स्वतः विचारायचं आणि स्वतःच उत्तर द्यायचं. हळूहळू तेही कमी झालं. मुलींच्या शाळेत गाणं शिकवण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, पण त्या दिवसांत पेटीवरची खोळसुद्धा तिने काढली नाही.

दिवाळी झाली आणि एका रविवारी देवासहून ईशानी आली. ईशानी म्हणजे भास्कररावांच्या धाकट्या बहिणीची, जानकीची मुलगी. भोपाळला नाटकाचं शिकून आली होती. मराठी बोलायची भराभर, अर्धी हिंदी मिसळून. वाचायला दिलं की मात्र अडखळायची. चहा संपायच्या आत तिने विषय काढला.

"मामी, देवासच्या आपल्या मंडळाचा मोठा कार्यक्रम आहे जानेवारीत. मी नाटक करून राहिले. संगीत नाटक. पण जुनं कुठलं नाही. 'सात सावन परदेस' करतेय."

सरलाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "अगं, तो सिनेमा आहे."

"हो ना! सिनेमाच स्टेजवर आणायचा. पिक्चर ज्यांनी बनवलं त्यांच्या घरच्यांची परवानगीपण आलीय."

भास्कररावांनी चहाचा कप खाली ठेवला. सरलाने त्यांच्याकडे बघितलं नाही, पण दोघांना एकच आठवलं असणार. सरलाचं लग्न होऊन वर्ष होत होतं तेव्हा तो सिनेमा धारच्या टॉकीजला लागला. नवरा परदेशी कमवायला जातो, त्याची पत्रं येईनाशी होतात, आणि बायको सासऱ्याचं दुकान एकटीने चालवते, अशी गोष्ट. सात पावसाळ्यांनंतर तो परततो. दार बंद. आत ती उभी. बाहेर भिजत तो म्हणतो, "दरवाज़ा खोलो न खोलो, इतना बता दो, इस घर में मेरी थाली अब भी लगती है क्या?" आणि आतून ती म्हणते, "लगती है. रोज़ लगती है. रोज़ उठाकर रख देती हूँ."

अख्खं टॉकीज रडलं होतं. भास्करराव रडले नाहीत. त्यांनी तो संवादच उचलला. तेव्हापासून ऑफिसातून येऊन स्कूटर उभी केली, की दाराशी उभं राहून पूर्ण नाटकी आवाजात तो प्रश्न विचारायचा, हा त्यांचा नेम झाला. सरला कणकेचे हात घेऊन आतून ओरडायची, "आधी कोथिंबीर आणली का ते सांगा, मग लागेल!" सासूबाई हसायच्या. शुभंकर मोठा झाला तसा मित्रांदेखत लाजायचा. सरला कधीकधी वैतागायचीही. चैत्रापासून तो प्रश्न घरात कुणी विचारला नव्हता.

"मग पिक्चरमधली गाणी तर सगळ्यांना येतातच," सरला म्हणाली. "माझं काय काम?"

"तीच तर घ्यायची नाहीत, मामी. ती लोकांच्या कानात इतकी बसलीत, आमचा चिराग गाऊ लागला की लोक म्हणतील, असली गाणं लाव ना भिया. आणि त्या गाण्यांत काही घडतच नाही. नायिका बर्फात पळते, बस्स. मला गाणं तिथे पाहिजे जिथे गोष्ट पुढे जाते. जिथे ते बोलतात ना, तिथे गायला पाहिजेत."

"संवादाला चाल लावू?"

"हो! आता दाराचाच सीन घ्या. पडद्यावर तिचे डोळे एवढे मोठे दिसतात, भिंतीएवढे. आपल्याकडे मागच्या रांगेतल्या काकांना तिचं नाकपण दिसणार नाही. जे काम कॅमेरा करतो ते गाण्याने करायचं. अजून कोण करणार माझ्यासाठी? मामा, तुम्ही सांगा ना मामीला."

भास्कररावांनी मान जोरात हलवली. "नाही नाही नाही."

ईशानी टाळी वाजवून म्हणाली, "बघा, हो म्हणताहेत!" आणि ते खरोखरच हसत होते. सरलाला नाही म्हणता आलं नाही.

ईशानी प्रसंग फोनवर रेकॉर्ड करून पाठवायची. मधल्या गोष्टी मराठीत, पण प्रसिद्ध संवाद हिंदीतच. ते बदलले तर देवासचे लोक खुर्च्यांवरून उठून दुरुस्त करतील, असं तिचं म्हणणं होतं. सरला दुपारी जेवणं आटोपली की खिडकीपाशी टेबलावर पेटी घ्यायची. थंडीचं ऊन फरशीवर पसरलेलं असायचं. भास्करराव पलीकडे पलंगावर भिंतीला टेकून बसायचे, डोळे मिटून. झोपलेत की जागे आहेत, कळायचं नाही.

पहिली दोन गाणी जमली. दुकानात एकटी दिवा लावणाऱ्या नायिकेचं जे गाणं होतं, दुसऱ्या अंकातलं, त्याच्यावर तर ती मनातून खूष होती. चार अंतरे झाले होते त्याचे. पण दाराचा संवाद काही केल्या गाणं होईना. शोकाची चाल लावली की रडगाणं व्हायचं. साधी ठेवली की भाजी विकतोय असं वाटायचं. माणूस बोलता बोलता गायला लागतो, त्याला गावंच लागतं, असं काहीतरी हवं होतं आणि ते सापडत नव्हतं.

एका दुपारी तिने मांड रागाच्या अंगाने सुरुवात केली. हलकं, ओळखीचं, माळव्यातल्या बायका दळताना गुणगुणतील असं. "दरवाज़ा खोलो न खोलो, इतना बता दो..." इथवर बरं गेलं. "इस घर में..." ती पंचमावर येऊन थांबली. पुढे वर जावं की खाली, ते कळेना. तिने परत तेच म्हटलं. "इस घर में..." बोट पंचमावर तसंच दाबलेलं, भात्यातली हवा संपत आलेली.

"मेरी थाली," मागून कुणीतरी गायलं.

सरलाचं बोट सुटलं. तिने वळून बघितलं. भास्कररावांचे डोळे उघडे होते आणि चेहऱ्यावर तिच्याइतकंच आश्चर्य. 'थाली'चा 'थ' जरा घसरला होता, पण शब्द शब्दच होता. आणि ते खाली उतरले होते, पंचमावरून सरळ षड्जाकडे, दमलेला माणूस पायरीवर बसतो तसे.

बोलली तर मोडेल असं तिला वाटलं. तिने पेटीकडे तोंड केलं, आणि पुन्हा सुरुवात केली. "इस घर में..."

"मेरी थाली... अब भी... लगती है क्या," ते गायले. पुरतं.

मग सरला उठली आणि पलंगापाशी जाऊन खाली बसली. त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. तिला आतून यायचं ते उत्तर द्यायचं होतं, पण रडण्यात तिच्याच तोंडून शब्द निघेना. ते डाव्या हाताने तिचे केस थोपटत राहिले.

एवढी मोठी गोष्ट पोटात राहते थोडीच! संध्याकाळपर्यंत हैदराबाद, देवास आणि शेजारची तीन घरं यांना कळलं. दुसऱ्या दिवशी जानकीबाई ईशानीला घेऊन हजर. पेढे आणलेले. आल्या आल्या त्या भावासमोर खुर्ची ओढून बसल्या.

"दादा, बोल ना माझ्याशी. मी कोण? माझं नाव सांग."

भास्करराव हसले. ओठ हलले. "हं," म्हणाले.

"जा... जान... सांग ना रे."

"वन्सं, असं नका विचारू," सरला म्हणाली. "थांबा, मी पेटी घेते." तिने सुरुवात करून दिली, आणि "मेरी थाली" बरोबर आलं. जानकीबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "आता माझं नाव, दादा. एकदाच."

भास्कररावांनी प्रयत्न केला. कपाळावरची शीर फुगली. "मेरी थाली," ते म्हणाले. मग "नाही नाही नाही." मग परत, रागाने, "मेरी थाली!" जानकीबाईंनी धरलेला हात त्यांनी हिसडून सोडवला, काठी घेतली, आतल्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. पेढ्यांचा डबा कुणी उघडलाच नाही.

पाहुणे गेल्यावर सरला बराच वेळ ओट्यापाशी नुसती उभी होती. तिला सिनेमाचाच राग आला. एवढ्या मोठ्या माणसाच्या आत एवढं साठलेलं, त्यातून बाहेर काय येतं, तर दुसऱ्या कुणी लिहिलेली ओळ. बहिणीचं नाव नाही, बायकोचं नाही. पोपटसुद्धा तेवढं बोलतो. आपण उगाच गावभर सांगत सुटलो आणि त्यांना सगळ्यांसमोर उभं केलं. दुसऱ्या दिवशी तिने ईशानीला फोन केला.

"मला जमणार नाही गं. दुसरं कुणी बघ."

"मामी, मामांमुळे ना? आईने तसं विचारायला नको होतं. तिला रात्रभर झोप नाही."

"वन्संचं काही चुकलं नाही. माझंच मन लागत नाही आता."

पेटीवर पुन्हा खोळ चढली. तीन-चार दिवस असेच गेले. घरात कुकरच्या शिट्ट्यांशिवाय आवाज नाही.

मग एका सकाळी सरला भाजी फोडणीला टाकत होती, तेव्हा बाहेरच्या खोलीतून काठीचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा आला, आणि नंतर एक वेगळाच. फूस... फूस... थांबून थांबून. ती ओले हात पदराला पुसत बाहेर आली. भास्कररावांनी खोळ ओढून काढली होती. ते टेबलाच्या पलीकडे, पेटीच्या पाठीशी बसले होते, आणि डाव्या हाताने भाता हलवत होते. सूर कुणी दाबलेला नव्हता, त्यामुळे पेटी नुसती श्वास टाकत होती. त्यांनी सरलाकडे बघितलं आणि हनुवटीने समोरची खुर्ची दाखवली.

"भाजी जळेल," ती म्हणाली.

ते भाता हलवतच राहिले.

तिने आत जाऊन गॅस बंद केला, येऊन समोर बसली. भाता त्यांच्या हातात, त्यामुळे तिचे दोन्ही हात मोकळे होते. अशी पेटी तिने आयुष्यात कधी वाजवली नव्हती. हवा कधी जास्त यायची, कधी संपायची. ते पहिल्या खेपेला हसले, मग नीट लक्ष देऊन भाता मारू लागले. दाराचं गाणं त्या सकाळी पुरं झालं. शेवट तिने त्यांनी उतरवला तिथेच ठेवला, षड्जावर. त्यापेक्षा बरं तिला काही सुचलं नव्हतं आणि सुचणारही नव्हतं.

दुपारी तिने ईशानीला ते गाणं पाठवलं आणि मग थेरपिस्टबाईंना फोन लावला. एवढ्या महिन्यांनी फोन करायचा संकोच वाटत होता, पण बाई ऐकून आनंदल्याच. म्हणाल्या, "आंटी, गाणं आणि बोलणं डोक्यात वेगवेगळ्या ठिकाणी राहतं. एक रस्ता बंद असला तरी दुसऱ्याने कधीकधी जाता येतं. तुम्ही त्याच धुनेत रोजच्या गोष्टी बसवा. छोट्या छोट्या. घाई नको, आणि परीक्षा तर बिलकुल नको."

सरला आयुष्यभर शिकवतच आली होती. पण हे शिकवणं निराळं होतं. "पाणी हवं का," ती त्या मांडाच्या चालीवर विचारायची, आणि त्यांच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरायची. "पाणी... हवं," ते उत्तर द्यायचे. कधी शब्द यायचा, कधी नुसता सूर. कधी पाण्याच्या जागी थाळीच यायची, मग दोघंही हसायचे. "चहा हवा का, ऊन हवं का, खिडकी लावू का." कामवाली गीताबाई पहिल्या दिवशी दारातच थबकली. "काकू, यो कंई चाली रियो है?" आठवड्याभरात तीसुद्धा "केर काढूँ कंई, काकाजी" असं गात विचारू लागली, तिच्या माळवी ठसक्यात, आणि तिला उत्तर जास्त लवकर मिळायचं.

एकच गोष्ट सरलाच्या मनात राहायची. ते उत्तर देत होते. विचारलं तर बोलायचे, सूर दिला तर उचलायचे. आपणहून काही नाही. त्यांना स्वतःला काय वाटतं, दुपारी डोळे मिटून ते कशाचा विचार करतात, ते अजून आतच होतं. ती ते कुणाला बोलून दाखवत नव्हती. जे मिळालं त्याला नावं ठेवल्यासारखं झालं असतं.

प्रयोगाच्या दिवशी दोघं देवासला गेली. गाडी शेजारच्या मानाजींची, चालवायलाही तेच. सरलाने आपली ठेवणीतली महेश्वरी साडी नेसली होती, भास्कररावांना बंद गळ्याचा कोट घातला होता, आणि कोटाची उजवी बाही चढवताना दोघांची पुरेवाट झाली होती. सभागृह भरलं होतं. जुन्या दरबारी घराण्यांतली म्हातारी मंडळी पुढे, कॉलेजची पोरं मागे. बळवंतराव नावाचे मंडळाचे अध्यक्ष पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणत होते, "सिनेमा बघायचा तर घरी बसून बघू, हे काय नवीन?"

ईशानीने मामा-मामींना मुद्दाम रांगेच्या टोकाला बसवलं. ती सरलाच्या कानात म्हणाली, "मामा मधेच गायला लागले तर गाऊ दे हां. अडवू नका."

सरलालाही तीच धास्ती होती. खरं सांगायचं तर धास्तीच्या खाली थोडी आशाही होती. पडदा उघडला. दुकान म्हणजे एक बाक आणि एक तराजू, घर म्हणजे नुसती दाराची चौकट. पाऊस म्हणजे विंगेत कुणीतरी सुपात तांदूळ फिरवत होतं. पहिल्या गाण्याला लोक चुळबुळले. नायिका झालेली श्रिया गोड गायची, पण घाबरली होती. दुसऱ्या अंकात दुकानातलं दिव्याचं गाणं झालं तेव्हा सभागृह शांत झालं. आणि मग चिराग खांद्यावर बॅग घेऊन चौकटीच्या अलीकडे येऊन उभा राहिला.

"दरवाज़ा खोलो न खोलो," त्याने सुरू केलं. लोकांना वाटलं होतं तो संवाद म्हणेल. तो गातोय हे कळायला एक क्षण गेला. "इस घर में..." तो पंचमावर थांबला, सरलाने शिकवलं होतं तसा. आणि त्या थांबलेल्या जागेत, मागच्या पोरांपासून पुढच्या बळवंतरावांपर्यंत, सगळ्या सभागृहाने आपणहून पुढचे शब्द भरले, "मेरी थाली..." कुणी सुरात, कुणी बेसूर, कुणी नुसतं बोलत. श्रिया दाराआड खरीच रडायला लागली. तिचं "लगती है" अर्धं हुंदक्यात गेलं आणि ते बरंच झालं.

सरलाने बाजूला बघितलं. भास्करराव गात नव्हते. ते रंगमंचाकडे बघतही नव्हते. मान वळवून ते लोकांकडे बघत होते, रांगेमागून रांग, जणू इतक्या सगळ्यांना आपल्या घरातलं कसं कळलं असं त्यांना झालं होतं. टाळ्या थांबेनात तेव्हा त्यांनी डाव्या तळव्याने मांडी थोपटली. बस्स, तेवढंच. सरलाच्या मनात जरासं खट्टू झालं, आणि लगेच तिला स्वतःचीच लाज वाटली.

जेवताना जानकीबाईंच्या घरी सगळे एकदम बोलत होते. ईशानीने मामाच्या पाया पडून विचारलं, "कसं वाटलं?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. जानकीबाईंनी या खेपेला काहीच विचारलं नाही. दादाच्या पानात त्याला आवडतो तसा मक्याचा कीस वाढला आणि शेजारी बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारला परत निघाले. इंदूरचा बायपास मागे पडला, दोन्हीकडे गव्हाची हिरवी शेतं लागली. मानाजी आपल्या तंद्रीत चालवत होते. सरलाचा डोळा लागत होता, तेव्हा तिला गुडघ्यावर ठेका जाणवला. भास्करराव डाव्या हाताची बोटं तिच्या गुडघ्यावर आपटत होते. तिला वाटलं, पाणी हवं असेल. ती विचारणार, तोच ते गायला लागले.

"सर... ला..."

ती हललीसुद्धा नाही.

"सरला... दिव्याचं... गाणं..." ते थांबले. शब्द शोधत खिडकीबाहेर बघितलं, ओठ दोनदा उघडून मिटले. चाल तिचीच होती, पण ओळ कुणीच लिहिलेली नव्हती. "दिव्याचं गाणं... लांबलं."

सरलाच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच निघाला. मानाजींनी आरशात बघितलं. "काय झालं काकू? गाडी थांबवू का?"

"नका थांबवू," ती डोळे पुसत म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "लांबलं? कुठे लांबलं? लोक कसे शांत ऐकत होते!"

"लांबलं," ते ठामपणे गायले.

"चार अंतरे आहेत. चार म्हणजे काही जास्त नाहीत. पहिल्यात ती दिवा लावते, दुसऱ्यात..."

"तिसरा," ते सुरातच म्हणाले आणि हाताने हवेत कात्री चालवली.

"तिसरा काढू? अहो, तिसऱ्यात तर ती त्याचा सदरा उन्हात घालते! तो काढला तर उरलं काय?"

वाटेतलं बेटमा गाव येईपर्यंत भांडण चाललं. एकीकडे ती भराभर बोलत होती, आणि दुसरीकडे ते एकेक शब्द सुरात बसवून, घामाघूम होऊन, पण मागे न हटता. मानाजींनी पोह्याच्या दुकानाशी गाडी लावली तेव्हाही ती सांगतच होती, की अशा चालीला पसरायला जागा लागते. भास्कररावांनी पोह्यांचा घास घेतला आणि मान हलवली. पटलं नव्हतं. सरलाने पोहे तसेच ठेवून तिथूनच ईशानीला फोन लावला.

"ईशानी, पुढचा प्रयोग बागलीला आहे ना, त्यात दिव्याच्या गाण्यातला तिसरा अंतरा काढ."

"का मामी? लोकांना तर आवडलं ना?"

"लोकांचं असू दे. तुझ्या मामांना लांबलं."

मग ईशानीने हळूच विचारलं, "त्यांनी सांगितलं?"

"मग काय मी सांगतेय? निघाल्यापासून भांडताहेत माझ्याशी."

बागलीचा प्रयोग वसंत पंचमीच्या सुमाराला झाला. तिथे सभागृह नव्हतं, शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता, आणि दुपारच्या उन्हात श्रियाचा दिवा कुणाला दिसतही नव्हता. तिसरा अंतरा नसलेलं गाणं झालं. सरला विंगेत होती, तिला मोकळेपणाने कबूल करावं लागलं की गाणं आता सरळ दारापाशी जाऊन पोचतं.

प्रयोग संपल्यावर ती मुलींबरोबर साड्यांच्या घड्या घालत बसली. भास्करराव बाहेर मांडवात खुर्चीवर होते, ईशानी त्यांच्याजवळ. थोड्या वेळाने ईशानी धावत आत आली, तिचा चेहरा काही वेगळाच झाला होता.

"मामी, मामा म्हणाले, आता बरं झालं."

सरलाच्या हातातली घडी अर्धवट राहिली. ती तिथे नव्हती. तिने सूर दिला नव्हता, ठेका धरला नव्हता. "कुठल्या चालीवर म्हणाले?" तिने विचारलं. "दाराच्या, का दिव्याच्या?"

"चाल कसली, मामी," ईशानी म्हणाली. "बोलले ते. नुसते बोलले."